अक्षरांचे पाय

पहिल्या तासाला मी फळ्यावर चार वाक्यं लिहिली, मागे वळले आणि इंग्रजीत विचारलं, समजलं का? अर्धा वर्ग एका सुरात म्हणाला, "चाः!"

सकाळचे सात वाजले होते, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि मी पडले अलिबागकडची. मुली चहाचं विचारताहेत असं वाटून मी दोन्ही हात हलवून "नको, नको" केलं. वर्गात हशा पिकला. ख्मेर भाषेत बाईमाणसानं 'हो' म्हणायचं ते 'चाः' आणि पुरुषानं 'बा', हे मला मधल्या सुटीत कळलं. पुढे वर्षभर मीही दिवसातून शंभरदा 'चाः' म्हणत राहिले. दुधाचा चहा मात्र तिथे मिळायचा नाही. लोक डब्यातलं गोड दूध आणि बर्फ घालून काळीकुट्ट कॉफी पितात.

ही गोष्ट नोव्हेंबर २०१८ ची. गाव कंबोडियाच्या ताकेओ प्रांतातलं, राजधानी नॉम पेन्हपासून दक्षिणेला साधारण ऐंशी किलोमीटरवर. मी त्याच वर्षी माध्यमिक शाळेतून निवृत्त झाले होते. तीस वर्षं मराठी माध्यमाच्या पोरांना इंग्रजी शिकवलं. मी स्वतः एबीसीडी गिरवली ती पाचवीत, १९७० साली. घरात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, तिची पानं सुटी झाली होती आणि वडील रोज संध्याकाळी त्यातली दहा वाक्यं करून घेत. माझं इंग्रजी हे असं. खाली बघत, एकेक पायरी चाचपत चढलेलं. इंग्रजीत शिंकणाऱ्या लोकांसारखं ते कधीच झालं नाही.

निवृत्तीनंतर बाहेरदेशी वर्षभर शिकवायला जायचं हे डोक्यात होतंच. मुलगा म्हणाला, "आई, या वयात? तुला धड पुण्याची हवा मानवत नाही." त्याला काय सांगायचं! एका संस्थेशी फोनवर बोलणं झालं. त्यांचं 'कार्यक्रम शुल्क' इतकं होतं, की शिकवायचं मीच आणि त्याचे पैसेही मीच मोजायचे. तेही दिले असते एक वेळ. पण पलीकडच्या बाईंनी विचारलं, तुमची मातृभाषा इंग्रजी का? म्हटलं, मराठी. मग बराच वेळ काही आवाज नाही. नंतर अगदी गोड शब्दांत त्यांनी सांगितलं, की पालकांच्या काही अपेक्षा असतात. त्या अपेक्षांचा रंग कोणता, हे मी विचारलं नाही.

शेवटी वाट निघाली ती जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो नॉम पेन्हला एका औषध कंपनीत आहे. म्हणाला, "बाई, तुम्ही या हो. इथल्या एका भिक्खूंना मी ओळखतो, ते विहारात संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घेतात. शेजारी सरकारी शाळा आहे, त्यांनाही कुणीतरी हवंय. पगार नाही, पण राहायला घर मिळेल." मुंबई-बँकॉक-नॉम पेन्ह असा प्रवास करून मी उतरले, तर हा पठ्ठ्या विमानतळावर चितळ्यांची बाकरवडी मागायला उभा.

शाळेला ख्मेरमध्ये 'साला' म्हणतात. फाटकावर साला, वहीवर साला, आणि मुख्याध्यापकांना 'नायक साला'. पहिल्या दिवशी त्यांची ओळख करून दिली तेव्हा मला हसू आवरेना. अगदी सज्जन माणूस. बिचाऱ्यांना वाटलं, बाई आनंदी स्वभावाच्या दिसतात. माध्यमिक शाळेला त्यांच्याकडे 'अनुविद्यालय' असा शब्द आहे. उच्चार जरा घासलेला, पण पाटी वाचून दाखवली तेव्हा मला अनुवाद लागला नाही. पुरुष शिक्षक 'लोक क्रू', बाई असेल तर 'नेआक क्रू'. हा क्रू म्हणजे आपला गुरू. गावठी औषधं देणारा वैद्यही क्रूच. माझ्या गुडघ्याला त्यानंच पाला बांधला, तेव्हा एका क्रूनं दुसऱ्या क्रूची फी घेतली नाही.

मी राहायचे ते घर खांबांवर उभं होतं. वर माणसं, खाली मोकळी जागा. तिथे झोपाळा, सायकली, कोंबड्या आणि दुपारच्या वेळी सगळं कुटुंब. अंगणाच्या कडेला कमरेएवढे मातीचे रांजण, पागोळ्यांचं पाणी साठवायला. घरात एक आजी, त्यांना सगळे 'येय' म्हणत म्हणून मीही येय म्हणू लागले, वास्तविक त्या माझ्याहून दहाच वर्षांनी मोठ्या. त्यांची सून नॉम पेन्हजवळ कपड्यांच्या कारखान्यात कामाला, मुलगा बांधकामावर. नात आजीपाशी. ती सातवीत, म्हणजे माझ्याच वर्गात. सकाळी माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून यायची आणि वाटेत माझं ख्मेर दुरुस्त करायची. बारा वर्षांची मास्तरीण; छडी तेवढी हातात नव्हती.

भोवती भातशेती, बांधाबांधावर ताड. हो, आपलाच ताड. ताडगोळे, ताडी, झाडावर बांबूची शिडी बांधून चढणारा माणूस, सगळं तसंच; फक्त ते लोक ताडाच्या रसाचा गूळ करतात आणि तो आमटीपासून खिरीपर्यंत सगळीकडे पडतो. 'प्राहोक' म्हणून माशांचं खारवून आंबवलेलं वाटण असतं, त्याच्या वासानं परदेशी पाहुणे पळ काढतात. बोंबील वाळत घातलेल्या अंगणात वाढलेल्या बाईला त्याचं काय! येय माझ्याकडे बघत होत्या, मी दुसऱ्यांदा भात मागितला आणि माझी परीक्षा तिथेच संपली. रोज सकाळी शेजारीण हाक मारायची, "न्याम बाय?" जेवलात का. कशी आहेस असं कुणी विचारत नसे. जेवली असेल तर बरीच असणार.

आता वर्गाचं सांगते. पहिल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की मुलांना रंगांची नावं येतात, प्राण्यांची येतात, डोकं-खांदे-गुडघे करत नाचता येतं. जिराफ येतो, पाणघोडा येतो. पण 'काल मी बाजारात गेले' हे एक वाक्य कुणाला धड म्हणता येत नव्हतं. असं का, ते शिक्षकांच्या खोलीत कळलं. माझ्याआधी विहारातल्या वर्गावर दोन-दोन, तीन-तीन आठवड्यांसाठी बरेच जण येऊन गेले होते. प्रत्येकानं पहिल्यापासून सुरुवात केलेली. रंग, प्राणी, नाच, फोटो, डोळ्यांत पाणी, विमान. पुढचा आला, पुन्हा रंग. त्या पोरांनी लाल रंग निदान वीस वेळा शिकला असेल. दरवर्षी पायाच खणायचा म्हटल्यावर घर कधी बांधणार?

मला दिलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की वर्गात मुलांची भाषा वापरू नये, फक्त इंग्रजी. मी महिनाभर इमानदारीनं पाळलं. वर्ग माझ्याकडे प्रेमानं बघत राहिला आणि काहीही शिकला नाही. मग एका दुपारी, येय भांडी घासत असताना, मला 'हाउय' सापडला.

ख्मेर क्रियापद कधी बदलत नाही. जातो, गेला, जाईल, सगळ्याला एकच रूप. काळ दाखवायचा तर शेजारी एक छोटा शब्द ठेवायचा. होऊन गेलं असेल तर शेवटी 'हाउय': न्याम बाय हाउय, म्हणजे जेवण झालं. अनेकवचनासाठीही प्रत्यय नाही. मुलांच्या तोंडी 'यस्टर्डे आय गो मार्केट' येत होतं ते आळसानं नव्हे. त्यांनी 'काल' असं एकदा सांगितलं होतं, मग क्रियापदाला पुन्हा का छळायचं, असा त्यांचा साधा हिशेब होता. आणि खरं सांगायचं तर त्यात चूक काय आहे? मला मराठीत सवय जेवला-जेवली-जेवलं-जेवले-जेवल्याची, म्हणून इंग्रजीची बदलती रूपं मी निमूट गिळली होती. या मुलांना ती निव्वळ छळणूक वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मी फळ्याच्या डावीकडे रोमन अक्षरांत त्यांचं वाक्य लिहिलं, शेवटच्या 'हाउय'ला चौकट केली. मग उजवीकडे इंग्रजी वाक्य; त्यात चौकटीतला शब्द उचलून क्रियापदाच्या आधी आणला आणि त्याला 'हॅव' केलं. बाण काढला. आय हॅव ईटन राइस. मागच्या बाकावर एक मुलगा होता, तो नेहमी खिडकीबाहेर बघत बसायचा. तो म्हणाला, "आँऽऽ!" असा 'आँ' ऐकण्यासाठी मास्तर माणूस तीस वर्षं खडू खातो. मग मुलांनी स्वतःच वाक्यं रचायला घेतली. मी सायकल दुरुस्त केली हाउय. म्हैस पळाली हाउय. नेआक क्रूंचा चष्मा हरवला हाउय. तो खरंच हरवला होता. पुस्तिका मी कपाटावर ठेवली. तर्खडकरांच्या पाठमालेनं जे आमच्या अलिबागकडच्या पडवीत केलं, तेच मी ताकेओत करत होते: या भाषेतून त्या भाषेत, एका हाताला धरून.

दुसरी गाठ उच्चाराची. आमच्याकडची खेड्यातली पोरं शब्दाच्या उंबरठ्यावर अडखळतात. स्टॉपचा इष्टॉप होतो. ख्मेर मुलांना शब्दाची सुरुवात कशीही द्या, दोन-दोन व्यंजनं एकत्र उच्चारायची त्यांना जन्मजात सवय. 'स्कूल' कसा खणखणीत. पण शब्दातून बाहेर पडताना शेवटचा स् कुठेतरी सांडतो. त्यांच्या भाषेत शेवटी लिहिलेल्या स् चा नुसता श्वास उरतो. राइसचा 'राइ', हाउसचा 'हाउ', आणि येसचा 'येः'. विहाराच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी नाग आहेत, फणा उभारलेले. एक दिवस मी सगळा वर्ग तिथे नेला. नागाकडे बोट दाखवलं, मग पाटीवर इंग्रजी एस काढला. तोही नागच की! शब्दाच्या शेवटी नाग बसवायचा आणि त्यानं फुत्कार टाकायचा. संध्याकाळी गावभर "राइस्स्स", "हाउस्स्स" चाललं होतं. शेजारीण म्हणे, माझ्या पोराला काही चावलंय का?

फेब्रुवारीत विहारात तीन आठवड्यांसाठी एक तरुण आला, विशीतला, इंग्रजी ही त्याची घरची भाषा. भला मुलगा. गिटार वाजवायचा. मुलं त्याच्या अंगाखांद्यावर. माझ्या तासाची हजेरी घसरली आणि मला मत्सर वाटला, हे कबूल करते. त्याच्या तोंडचं इंग्रजी ऐकताना मला माझ्या व आणि डब्ल्यूची लाज वाटायची. एकदा खिडकीबाहेर बघणाऱ्या त्या मुलानं त्याला विचारलं, पाण्याला 'मच' आणि माशांना 'मेनी' का? तो बराच वेळ विचार करून म्हणाला, बस, असंच असतं. त्याचंही खरंच होतं. माणूस ज्या घरात जन्मतो त्या घराच्या पायऱ्या कधी मोजत नाही. मी त्याच्याकडून वर्गात रोज दहा मिनिटं वाचून घेतलं, मुलांच्या कानावर ते इंग्रजी पडावं म्हणून, आणि पायऱ्या मोजायचं काम माझ्याकडे ठेवलं. अशी आमची जोडी जमली. गेला तेव्हा मला खरंच करमेना.

त्याच सुमारास एका पालकांनी नायक सालांना विचारलं होतं, की भारतीय बाईंचं इंग्रजी हे खरं इंग्रजी आहे का. नायक सालांनी संकोचानं माझी पदवीची प्रमाणपत्रं मागितली. मी दाखवली. चहा नव्हताच, म्हणून त्यांनी मला उसाचा रस पाजला. राग आला होता, पण त्या पालकांची बाजूही मला दिसत होती. आग्नेय आशियातल्या देशांच्या 'आसियान' संघटनेत कंबोडिया १९९९ मध्ये आला आणि तिचा कारभार इंग्रजीत चालतो. गावातल्या मुलीला शिवणयंत्राऐवजी हॉटेलच्या काउंटरमागे उभं राहायचं असेल तर तिला इंग्रजी हवं. ताकेओ शहरात मात्र कोरियन भाषेच्या शिकवण्यांच्याही पाट्या दिसतात. कोरियातल्या कारखान्यांत आणि शेतांवर जायचं तर त्या भाषेची परीक्षा द्यावी लागते. पोटाची भाषा दर पिढीला बदलते. त्या बापानं रुपया वाजवून बघितला, एवढंच.

आणि भाषा किती वेळा बदलली हे शाळेतल्या गणिताच्या लोक क्रूंनी मला सांगितलं. ते माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. एप्रिल १९७५ मध्ये ख्मेर रूज बंडखोरांनी नॉम पेन्ह घेतलं तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते. शहरं रिकामी केली गेली, शाळा बंद झाल्या. जानेवारी १९७९ पर्यंत, म्हणजे पावणेचार वर्षांत, सतरा लाखांच्या आसपास माणसं उपासमार, आजार आणि कत्तलीत गेली. शिकलेल्यांवर विशेष डोळा होता. शिक्षक तर फारच थोडे वाचले. राजधानीतला जो तुरुंग आज संग्रहालय म्हणून दाखवतात, ती आधी शाळाच होती. लोक क्रूंचे वडील शिक्षक होते. त्यांना एका संध्याकाळी बोलावून नेलं, ते परतले नाहीत. एवढंच ते बोलले, आणि प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा नीट करू लागले.

पुढचं त्यांनी जास्त मोकळेपणानं सांगितलं. १९७९ नंतर शाळा उघडल्या तेव्हा शिक्षकच नव्हते. तेव्हा धोरण असं ठरलं, की ज्याला जास्त येतं त्यानं कमी येणाऱ्याला शिकवावं आणि कमी येणाऱ्यानं अजिबात न येणाऱ्याला. लोक क्रू झाडाखाली बसून शिकले आणि विशीच्या आत स्वतः शिक्षक झाले. परकी भाषा म्हणून तेव्हा व्हिएतनामी आणि रशियन. इंग्रजीला सरकारची नजर चुकवावी लागे. लोक रात्री दार लावून शिकत. १९९२-९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांची माणसं निवडणूक घ्यायला आली आणि इंग्रजी येणाऱ्याला एकदम किंमत आली. डॉलर त्यांच्याबरोबर आला तो आजतागायत आहे. भाजी घेतली तरी डॉलर चालतो आणि सुटे रियेलमध्ये मिळतात, एका डॉलरला चार हजार. नोटेला नखभर चीर असेल तर मात्र भाजीवाली ती परत करते.

ज्याला येतं त्यानं दुसऱ्याला शिकवावं, या अर्थाचं समर्थांचं वचन आपल्याकडे शाळांच्या भिंतींवर रंगवलेलं असतं. आमच्याही शाळेत होतं, मी तीस वर्षं त्याच्याखालून ये-जा केली आणि कधी मान वर केली नाही. लोक क्रूंच्या तोंडून ते ऐकताना मला माझ्या प्रमाणपत्रांचा राग आल्याचं जरा ओशाळवाणं वाटलं.

ज्या सकाळी माझा पाय जागच्या जागी थबकला ती सकाळ डिसेंबरातली. प्राथमिक शाळा त्याच आवारात आहे. मी सायकल लावत होते आणि पहिलीच्या वर्गातून घोकणं ऐकू आलं: "कॉ, खॉ, को, खो, ङो." थांबले. "चॉ, छॉ, चो, छो, ञो." हातातली किल्ली तशीच. पुढे 'त'चा वर्ग, 'प'चा वर्ग, मग य, र, ल, व. म्हणजे क ख ग घ ङ! ग आणि घ यांचा नाद शतकांच्या वापरात झिजून गेला होता, पण रांगेतल्या जागा त्यांनी सोडल्या नव्हत्या. गच्च भरलेल्या एसटीत रुमाल टाकून ठेवतात तशा. त्या पहिलीतल्या पोरांना वाटलं असेल, ही म्हातारी खिडकीत उभी राहून आमच्याबरोबर का पुटपुटतेय?

ख्मेर लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीवरून आली, म्हणजे देवनागरीची ती लांबची चुलतबहीण. मूळ घर ब्राह्मीचं. त्या दिवसापासून मी येयच्या नातीकडे शिकवणी लावली. तेहतीस व्यंजनं. जोडाक्षर करायचं तर दुसरं व्यंजन आकारानं बदलून पहिल्याच्या खाली लिहायचं, आणि त्या खालच्या रूपाला म्हणतात 'चुंग', म्हणजे पाय. आपण अक्षराचा पाय मोडतो, ते अक्षराला पाय जोडतात. मला हे इतकं आवडलं, की त्या दिवशी वर्गाला मी ते इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. कुणाला काही कळलं नाही.

पावसाळ्यात, शेतं पाण्याखाली गेल्यावर, लोक क्रू मला ताकेओहून होडीनं अंगकोर बोरेयला घेऊन गेले. कालव्यातून निघालो आणि मग कालवा कुठे नि शेत कुठे, नुसतं पाणीच पाणी. ताडांची डोकी आणि विजेचे खांब तेवढे वर. अंगकोर बोरेय म्हणजे सुप्रसिद्ध अंगकोर वाटच्याही कितीतरी आधीचं नगर. आज तिथे छोटंसं संग्रहालय आहे, शेजारी नॉम दा नावाची टेकडी. इथल्या मूळ मूर्ती बहुतेक राजधानीला गेल्या. पण तारीख असलेला ख्मेर भाषेतला सर्वांत जुना शिलालेख याच गावी सापडला. साल इसवी ६११. लोक क्रूंनी ते सांगितलं तेव्हा मी सहज विचारलं, त्या लेखात इसवी सन कसा असेल? ते म्हणाले, नाही, तिथे 'शक' आहे, ५३३.

शके ५३३! ज्या शकाचं साल दर पाडव्याला पंचांगात बघायचं, तेच. आमच्या देवघराच्या भिंतीवरची दिनदर्शिका एकदम डोळ्यांपुढे आली. मंगळवारला इथे 'अंगकिआ' म्हणतात, तो आपल्या अंगारकीतला अंगारक. महिन्यांची नावं चेत, विसाख अशी. यादी करायला बसले तर वही भरेल, आणि मी खरंच वही घातली होती. पण होडीत परतताना मी उत्साहाच्या भरात लोक क्रूंना म्हटलं, हे सगळं आमच्याकडून आलं की! ते हसले. म्हणाले, भात आमच्याकडे आधीपासून होता. नंतर बऱ्याच वेळानं म्हणाले, शब्द येतात, पण तेराशे-चौदाशे वर्षं बोलायचं काम कुणी केलं? मी वही पिशवीत टाकली. आपलं इंग्रजी ऐकून कुणी साहेब 'हे सगळं आमचंच' म्हणाला, तर मला कसं वाटेल?

वर्षाच्या शेवटी हिशेब काय मांडायचा? सातवीची मुलं गेलेल्या गोष्टीबद्दल चार वाक्यं बोलू लागली, इतकं झालं. मला जे सर्वांत उपयोगाचं वाटतं ते वर्गात घडलंच नाही. शाळेत इंग्रजी शिकवायला एक तरुण शिक्षिका होती. ती सकाळी शाळा आणि संध्याकाळी शिकवण्या घेऊन थकलेली असायची. रविवारी आम्ही दोघी ओट्यावर बसून पुढच्या आठवड्याचे धडे तयार करत असू: ख्मेरमध्ये काय म्हणतात, मुलं कुठे चुकणार, फळ्यावर काय मांडायचं. तिला भाषा माझ्याइतकी येत होती. बोलण्याचा धीर नव्हता, कारण तिच्यापुढे कायम कुणीतरी परदेशी उभा असायचा आणि ती बाजूला फोटो काढायला. मार्चपासून मी मागच्या बाकावर बसू लागले आणि फळा तिच्याकडे दिला. खरं तर हे मी पहिल्या महिन्यातच करायला हवं होतं.

आणि एक. कुणी कंबोडियात असं काम करायला निघाला तर अनाथालय दाखवणाऱ्यांपासून त्यानं लांब राहावं. तिथल्या अशा संस्थांमधल्या सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे आईवडील, निदान दोघांपैकी एक, हयात असल्याचं दिसून आलं आहे. पाहुणे येतात, देणगी देतात, म्हणून मुलं गोळा होतात. मलाही एका रविवारी 'मुलांना भेटायला' नेलं होतं. मुलांनी रांगेत उभं राहून गाणं म्हटलं आणि एक चिमुरडी ओळखदेख नसताना येऊन गळ्यात पडली. पोरगी अनोळखी माणसाच्या गळ्यात इतक्या सवयीनं पडते, तेव्हा पोटात कालवतं. मी पुन्हा गेले नाही.

सप्टेंबरात शाळेला सुटी होती. माझं परतीचं तिकीट ऑक्टोबरचं. त्याआधी सप्टेंबरातच 'प्चुम बेन' आला. प्चुम म्हणजे गोळा होणं, बेन म्हणजे पिंड. महिन्याचं नाव फोत्रोबोत, म्हणजे भाद्रपद, वद्य पक्षाचे पंधरा दिवस. २०१९ साली त्यांचा शेवटचा दिवस २८ सप्टेंबरला होता आणि त्याच दिवशी आपल्याकडे सर्वपित्री अमावास्या. आपल्या पितरांपैकी काही 'प्रेत' होऊन भटकतात, त्यांचं तोंड सुईच्या छिद्राएवढं असतं आणि उजेड त्यांना सोसत नाही, असं मानतात. म्हणून पहाटे, अंधार असतानाच, चिकट भाताचे तीळ लावलेले गोळे विहाराभोवती फिरत जमिनीवर टाकायचे.

पहाटे चारला आम्ही निघालो. येय, त्यांची सुटीवर आलेली सून, नात आणि मी. सगळं गाव उदबत्त्या घेऊन अनवाणी चालत होतं. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. ज्यांना कधी अग्नी मिळाला नाही अशांची संख्या त्या गावात फार. लोक क्रूही दिसले, ताटलीत गोळे घेऊन. ते माझ्याकडे बघून नुसते मान हलवून पुढे गेले. आमच्याकडे कावळा लागतो, इथे कुत्री आणि मुंग्या आल्या.

उजाडल्यावर विहाराच्या मंडपात नावं वाचायची असतात. प्रत्येक घर आपल्या गेलेल्यांची नावं कागदावर लिहून आचारांकडे देतं. हे आचार म्हणजे आपले आचार्य, पण इथे विधी सांगणारा गावकरी. येयनी आपला कागद लिहवून घेतला. दोन्ही बाजू भरल्या. मग खाली बोटभर जागा उरली होती ती दाखवून मला म्हणाल्या, तुझं कोण असेल ते लिही.

मी आईचं नाव लिहायला घेतलं. विद्येच्या देवीचं नाव, तिला स्वतःला मात्र सही करण्यापुरतंच लिहिता यायचं. एकेक अक्षर आठवून काढलं. स, र, पुन्हा स, मग व, मग त आणि त्याला ई. अक्षरं बरी आली होती. मी कागद येयच्या हातात देणार, इतक्यात नातीनं तो मधल्यामध्ये ओढला. तिनं बघितलं, नाकाचा शेंडा उडवला आणि इंग्रजीत म्हणाली, "टीचर, नो फूट."

खरंच की. दुसरा स आणि व मी शेजारी-शेजारी बसवले होते, त्याचं झालं सरसवती. तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं, व खोडला, आणि स च्या खाली एक छोटा आकडा काढून तो पाय दोनदा गिरवला. मग कागद डोळ्यांजवळ धरून मोठ्यानं वाचून पाहिलं. शेवटचा 'ती' तिच्या तोंडी जरा वाकून 'तेय' झाला होता. आईला ती हाक ऐकू गेली असती, तर आधी तिनं "कोण गं?" विचारलं असतं.

आचारांनी कागद घेतला आणि ढिगात खाली सारला. आमचा नंबर यायला अजून बराच वेळ होता.